थेंबवाले आणि विहीरवाले

मरणाऱ्या लेकराला बाप्तिस्मा द्यायला तीन गोष्टी लागतात. पाणी, लेकराचं नाव आणि देवाचं नाव. पाळक लागत नाही, चर्च लागत नाही, पाणी मंतरलेलं असावं लागत नाही. नळाचं चालतं, विहिरीचं चालतं. अमरावतीला मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात मी सुईणीचं काम शिकायला लागले, तेव्हा नाळ कशी बांधायची हे ज्या मेट्रनबाईंनी शिकवलं त्यांनीच हेही शिकवलं, आणि दोन्ही सारख्याच कोरड्या आवाजात. वर बजावलं, "फक्त ख्रिस्ती आईबापांचं मूल, आणि तेही त्यांनी मागितलं तर. दुसऱ्या कोणाच्या लेकराच्या डोक्यावर थेंब जरी टाकलास, तर तुझा बिस्तरा गेटाबाहेर."

दिवाळी अंकात मरणाबिरणाचं लिहू नये म्हणतात. मग संपादकांनी म्हाताऱ्या नर्सबाईला लिहायला सांगू नये. मी म्हटलं होतं त्यांना, की बाबा, माझ्याजवळ गोडधोड काही नाही. "जे असेल ते लिहा," म्हणाले. घ्या आता.

आधी आमची ओळख करून देते. आम्ही ल्यूथरपंथी ख्रिस्ती. साडेचारशे वर्षांमागं जर्मनीत ल्यूथर नावाच्या मठातल्या एका माणसानं पोपशी दावा मांडला, त्याच्या वाटेनं गेलेले ते आम्ही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस पुण्य करकरून देवापर्यंत चढत नाही. देवच खाली उतरतो आणि फुकट उचलून घेतो. मग अजून डोळे न उघडलेलं लेकरूही त्यानं उचलावं, त्यात त्या लेकराची अक्कल किती नि विश्वास किती हे कोण मोजत बसणार? म्हणून आम्ही तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतो, कपाळावर पाणी घालून. अमरावतीत दुसरी एक मंडळी होती. मंडळी म्हणजे आमच्यात एका चर्चची माणसं. ते म्हणायचे, हे काही खरं नाही. माणूस जाणता व्हावा, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करावा, मग त्याला अख्खा पाण्यात बुडवून काढावा, तो बाप्तिस्मा. त्यांच्या चर्चमागं पायऱ्यांची विहीर होती. म्हणून आम्ही त्यांना विहीरवाले म्हणायचो आणि ते आम्हाला थेंबवाले. तोंडावर नाही हं. तोंडावर सगळे बंधू नि भगिनी.

पाण्याची ताकद मला पहिल्यांदा कळली ती मात्र या दोघांकडूनही नाही. नांदगाव पेठेकडच्या एका शेतकरी घरची सून आमच्याकडं बाळंत झाली. नातू झाला म्हणून आजी सगळ्या वॉर्डात गूळ वाटत होती. उन्हाळा मरणाचा, पोरगं घामानं चिकट झालेलं, म्हणून मी ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं. आजीनं पाहिलं आणि जी किंकाळी फोडली!

"अव माय व! बाटोलं! या किरिस्तावणीनं माह्या नातवाले बाटोलं!"

बघता बघता वऱ्हांड्यात माणसं जमली. त्या दिवसांत पेपरात मिशनवाल्यांविरुद्ध बरंच छापून यायचं, माथी आधीच तापलेली. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या.  मी परोपरीनं सांगितलं, की आजी, नुसतं पाणी आहे हो.

"नुसतं पानी?" आजी माझ्या अंगावर आली. "मले शिकवतं काय? नुसतं पानी कधी असते काय, बाई?"

शेवटी डॉक्टरबाई आल्या. परदेशी, उंच, मराठी मोडकं. त्यांनी आजीलाच विचारलं, की आता काय केलं म्हणजे तुमचं समाधान होईल? आजी म्हणाली, गोमूत्र शिंपडतो. "शिंपडा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण डोळ्यात नको जायला." आजीनं शिंपडलं, पोरगं शिंकलं, गर्दी पांगली. जाताना आजीनं मलाही गुळाचा खडा दिला, हाताला हात न लावता वरून टाकून. मी तो खाल्ला. पुढं ऐक्य समितीच्या बैठकीत बसायची वेळ आली तेव्हा मला ती आजी फार आठवली. पाण्याला ती जितकी भ्याली होती, तेवढा पाण्यावर विश्वास त्या टेबलाभोवती मला कोणाचाच दिसला नाही.

तर ही ऐक्य समिती. साठ सालाच्या आगेमागे देशभर निरनिराळ्या चर्चची एक होण्याची बोलणी चालली होती, तेच वारं वऱ्हाडातही आलं. त्याला कारणही होतं. बाजारात सुवार्ता सांगायला उभं राहिलं, की कोणीतरी विचारायचंच, "तुमचा येशू एक हाय ना? मंग तुमी एकमेकाच्या घरी काहून जेवत नाई?" जेवायचो आम्ही, पण चर्चमधल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, एकमेकांना बसू देत नव्हतो, आणि बाजारातल्या माणसाला तो फरक काय सांगणार! त्यातून छप्पन्न सालानंतर आमच्या कितीतरी घरांतले चुलत-मावस भाऊ बौद्ध झालेले. ते विचारायचे, आम्ही सगळे एकदम उठलो आणि एकदम गेलो, तुमचं काय चाललंय? ऐकून लाज वाटायची.

आमचे सोनवणे पाळक मनापासून ऐक्यवाले. सडपातळ, अभ्यासू, बोलताना शब्द तोलून टाकणारे. एका खेड्यात नाताळाला आमचा मांडव एका टोकाला नि विहीरवाल्यांचा दुसऱ्या टोकाला पाहून हा माणूस परतीच्या वाटेवर टांग्यात रडला होता, मी सोबत होते. विहीरवाल्यांचे जाधव पास्टर स्वभावानं उलट. जाडजूड, मोठ्यानं गाणारे, कोणाच्याही घरी मयत झालं की आधी पोचणारे. दोघंही चांगली माणसं होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते वाईट माणसांनी केलं असतं तर मला इतकी वर्षं ते असं टोचलं नसतं.

मनोरमा आमच्या मंडळीतली. तिची आई सारा माझी जिवाभावाची मैत्रीण, आम्ही अकोल्याला एका बाकावर शिकलो. सारा लवकर गेली, बापही गेला, आणि पोरगी मला मावशी म्हणत मोठी झाली. तिची प्रश्नोत्तरी मीच पाठ करून घेतली. प्रश्नोत्तरी म्हणजे आमच्या विश्वासाचे प्रश्न नि उत्तरं, आमच्यातल्या प्रत्येक पोराला ती यावीच लागते. मोठी होऊन ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि तिचं जमलं ते यशवंताशी. यशवंत पक्क्या विहीरवाल्यांच्या घरचा, घर राजापेठेत, नोकरी धामणगावला, सरकी काढायच्या कापसाच्या जिनात कारकुनाची. एरवी बोंब झाली असती. पण दिवस ऐक्याचे होते ना! दोन्ही पाळकांनी मिळून लग्न लावलं. भाषणं झाली. हे लग्न म्हणजे ऐक्याच्या इमारतीची पायाभरणी आहे, असं कोणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. मी मागच्या बाकावर होते. शेजारणीला म्हटलं, पायाभरणीत काय पुरतात ते याला ठाऊक दिसत नाही. ती हसली, मीही हसले. जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी.

मनोरमाला दिवस गेले आणि समितीपुढं प्रश्न आला, की हे लेकरू कोणाचं? आम्ही पाणी घालायचं की त्यांनी ते मोठं होण्याची वाट पाहायची? अकोल्याला बैठक भरली. बैठकी अकोल्याला, कारण तिथं दोघांपैकी कोणाचंच पारडं जड नव्हतं. ठरलं असं, की ऐक्य होईपर्यंत अशा मिश्र घरातल्या लेकराबाबत एका पाळकानं एकट्यानं काहीच करायचं नाही. जे करायचं ते दोघांनी मिळून, बरोबर जाऊन. सोनवणे पाळक स्वतः मला सांगायला आले.

"मार्थाबाई, मिश्र घर असेल तर आता घाई करायची नाही. आधी आम्हा दोघांना बोलवायचं."

"आणि लेकरू मरायला टेकलं असेल तर?"

"तरीसुद्धा. ऐक्यासाठी थोडं सोसावं लागतं."

"पाळकसाहेब, मरण काय तुमच्या मीटिंगची वाट पाहतं होय?"

ते चष्मा पुसत बसले. त्यांनाही ते पटलेलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

मनोरमाला सातव्यातच कळा सुरू झाल्या. यशवंत तिला धामणगावहून गाडीनं बडनेऱ्याला आणि तिथून टांग्यात घालून घेऊन आला. पहाट होता होता मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. आमच्याकडं तेव्हा काचेच्या पेट्या नव्हत्या. कापसात गुंडाळायचं, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, ड्रॉपरनं थेंब थेंब दूध सोडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मी सकाळीच आयाला दोन्ही पाळकांकडं पिटाळलं, कारण अशी लेकरं मी पुष्कळ पाहिली होती.

शेजारच्या खाटेवर सुभद्रा नावाची बाई होती. चांदूरकडची, मजुरी करणारी, चौथं बाळंतपण. तिचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. त्या सकाळी ती मला म्हणत होती, "शिस्टरबाई, पाचवी पुजायची नाई म्हंते माहा मालक. आपन ते सारं सोडलं. बरं केलं सोडलं. पन मंग त्या दिवशी करायचं काय, थे कोनी सांगतलंच नाई."

"लेकराला दूध पाज आणि झोप," मी म्हटलं.

"थे तं रोजचंच हाय."

पलीकडं एका मुसलमान बाईचं बाळ झालं होतं. तिचा सासरा दारात उभा राहून विचारता झाला, "सिस्टर, इजाजत है?" आत आला, नातवाच्या कानात हळू आवाजात अजान म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला. मनोरमा ते टक लावून पाहत होती. मला म्हणाली, "मावशी, त्यांना कुठल्या समितीला विचारावं लागलं नाही."

यशवंत आईला आणायला राजापेठेत गेला होता. दुपारी पोरीचा रंग बदलायला लागला. श्वास घ्यायची आणि विसरायची, पुन्हा घ्यायची. मनोरमानं माझा पदर धरला.

"मावशी, पाणी घाला."

"अगं, दोघांना निरोप केव्हाच गेलाय. येतीलच."

"कधी?"

मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं? मी पदर सोडवला आणि प्राणवायूचं सिलिंडर आणायला आवारापलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीकडं उन्हातून धावले. नर्सचं पहिलं काम जीव. सिलिंडर ढकलत परत येता येता माझं ठरलं होतं, समिती गेली उडत, मी पाणी घालते. पण दारातच थबकले.

मनोरमा उठून बसली होती. तिला कुशीवर वळायचीही मनाई होती. सुभद्रा आपलं पोर खाटेवर टाकून आलेली, मनोरमाच्या पाठीला खांदा देऊन उभी. मांडीवर कापसातली पोर. सुभद्राच्या हातात तिचा स्वतःचा पितळी लोटा. मनोरमानं त्यात बोटं बुडवली आणि पोरीच्या कपाळावर पाणी घातलं, तीनदा, आणि म्हणाली, "सारा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." आवाज जराही कापत नव्हता. आमच्या शिकवणुकीप्रमाणे वेळ पडली तर आई हे करू शकते, कोणीही ख्रिस्ती माणूस करू शकतं, हे तिला मीच शिकवलं होतं. सुभद्राला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

नळी नाकाशी धरली, सगळं केलं. थोड्या वेळानं पोर श्वास घ्यायची विसरली ती विसरलीच.

सुभद्रा मला कोपऱ्यात घेऊन गेली. तिचा चेहरा उतरलेला. "बाई, तिच्या फुलपात्रात पानीच नोतं. म्हनून माह्या लोट्यातलं देलं. चालते ना? आमच्या हातचं?"

"चालतं," मी म्हटलं.  गावच्या विहिरीवर ज्यांच्या सावलीचासुद्धा विटाळ मानत, त्यांच्या लोट्यातलं पाणी साराच्या कपाळावर होतं, अजून सुकलं नव्हतं.

पाळक आले ते त्यानंतर, आणि दोघं बरोबरच आले. सकाळपासून कुठं होते? ऐका. सोनवणे पाळकांचं घर दवाखान्याच्या भिंतीला लागून. निरोप मिळाल्याबरोबर त्यांनी टांगा केला आणि जाधव पास्टरांना घ्यायला गेले, कारण एकट्यानं जायचं नाही असं ठरलेलं. जाधव पास्टर राजापेठेत कोणा आजाऱ्याकडं प्रार्थनेला गेले होते. निरोपानं त्यांना तिथं गाठलं, तसे ते तडक निघाले. दवाखान्याच्या दारावरून पुढं गेले आणि सोनवणे पाळकांच्या ओट्यावर जाऊन बसले, कारण एकट्यानं जायचं नाही. हे त्यांच्या दारात बसून आहेत, ते यांच्या दारात बसून आहेत. दोघांनीही दिलेला शब्द पाळला. शेवटी सोनवणे पाळक वाट पाहून घरी परतले, तेव्हा गाठ पडली. जाधव पास्टर बसले होते त्या ओट्यावरून आमच्या वॉर्डाची खिडकी दिसते.

मला त्या दिवशी असा संताप आला, की मी देवालासुद्धा बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

मी दोघांना सांगितलं, काय पाहिलं ते. सोनवणे पाळकांचा चेहरा क्षणभर उजळला, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी जाधव पास्टरांकडं पाहिलं आणि तो विझला. जाधव पास्टर मनोरमाच्या खाटेशी गेले. फार प्रेमानं म्हणाले, "बाळ, लेकरं देवाचीच असतात. त्यांना पाण्याची गरज नसते. ती त्याच्याजवळच गेली."

मनोरमा म्हणाली, "देवाचीच आहे तर देवानं तिला नावानं हाक मारलेली मला ऐकायची होती."

 समजूत घालायला आलेला माणूस होता, पण या बोलण्याला त्यांच्या शिकवणुकीत जागाच नव्हती.

संध्याकाळी पुरलं. आमच्याकडं बाप्तिस्मा झालेल्या लेकराचा पुरा विधी होतो, नाव उच्चारून माती देतात. त्यांच्याकडं नुसती प्रार्थना. कबरीशी दोघांचं हळू आवाजात काही बोलणं झालं आणि दोघांनी एकेक प्रार्थना केली. सोनवणे पाळक "या बालकाला" म्हणाले. जाधव पास्टर "या बालकाला" म्हणाले. नाव कोणी घेतलं नाही. यशवंत खाली मान घालून उभा, डोळे कोरडे. पोर सुखरूप देवाजवळ गेली असताना रडणं म्हणजे अविश्वास, असं त्याच्या आईनं त्याला बजावलं होतं.

पुढं अकोल्याची बैठक. प्रश्न असा, की बाप्तिस्मा झाला असेल तर करार थेंबवाल्यांकडून मोडला, आणि ऐक्य बोंबललं. झाला नसेल तर काहीच झालं नाही. विहीरवाल्यांच्या वडीलधाऱ्यांनी यशवंताला सांगितलं होतं, की तुझ्या बायकोनं हे केलं असेल तर तिनं चूक कबूल करून विहिरीत उतरावं, नाहीतर तू मंडळीच्या शिस्तीखाली. शिस्त म्हणजे वाळीत टाकण्याचं ख्रिस्ती नाव. आणि सासूनं मनोरमाला सांगितलं, "तिथं जाऊन बाप्तिस्मा दिला म्हणशील तर तिकडंच राह्य मग, थेंबवाल्यांत." तिला माहेर कुठलं? मी म्हटलं माझ्या खोलीवर ये. ती म्हणाली, "मावशी, मला यशवंत पाहिजे." 

निघायच्या आधी सोनवणे पाळक आले. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही उन्हातून धावत आला होतात. तुम्हाला नीट दिसलं ना?"

"पाळकसाहेब, बाप्तिस्मा देवाचं काम आहे, माणसाचं नाही, हे तुम्हीच दर रविवारी सांगता. मग तो झाला की नाही हे समिती कशी ठरवणार?"

"नाहीच ठरवू शकत," ते म्हणाले. "झालेला बाप्तिस्मा मी नाही म्हणू शकत नाही, मार्थाबाई. माझी जीभ वळायची नाही. म्हणून वाटतं, झालाच नसता तर..." आणि ते उठून गेले. पाळकांना खोटं बोलवत नव्हतं. ते मनोरमानं बोलावं अशी त्यांची इच्छा होती.

बैठकीत मला विचारलं, मी पाहिलं ते सांगितलं. शेजारच्या बाईनंही पाहिलं, तिनंच पाणी दिलं, तिला बोलवा, असंही म्हटलं. टेबलाशी बसलेल्यांपैकी एक जण म्हणाले, "ती आपल्यातली नाही." मग मनोरमाला विचारलं. ती उभी राहिली. अंगात ताकद नव्हती, खुर्चीची पाठ धरून होती.

"मी ओठ ओले केले तिचे," ती म्हणाली. "ऊन फार होतं. मावशींना वाटलं असेल."

"नाव घेतलंत?"

"नाही."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. मी खोटारडी ठरले होते, पण तेही प्रेमानं. बाई दमलेल्या होत्या, असं ठरलं. चहा आला. मग ऐक्याचं गीत म्हटलं, सगळ्यांनी उभं राहून. जाधव पास्टरांचा आवाज सगळ्यांच्या वर. मनोरमाही ओठ हलवत होती. मी गायले नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये ती माझ्यासमोर बसली होती, बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत. मला तिचा राग आला होता असं नाही. मला तिची कीव येत होती, आणि ते तिला रागापेक्षा जास्त लागलं असणार.

ऐक्य झालं का? छे. वर्ष-दोन वर्षांनी बोलणी फिसकटली. बिशप असावा की नसावा, आणि मिशनच्या बंगल्यांची मालकी कोणाकडं जावी, यावर. लेकराचं नावसुद्धा निघालं नाही त्या भांडणात. आम्ही थेंबवालेच राहिलो, ते विहीरवालेच राहिले. सोनवणे पाळकांची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी ते एकटेच कबरस्तानात गेले होते, असं तिथल्या माळ्यानं सांगितलं. कशाला गेले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मनोरमा माझ्याशी बोलेनाशी झाली. रस्त्यात दिसली तर सलाम करायची, तेवढंच. मग पुन्हा तिला दिवस गेले, आणि दवाखाना तर एकच. मी ड्यूटीवर होते. या वेळी पुरे दिवस भरले होते. धडधाकट मुलगी झाली, आल्या आल्या सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारी. दुसऱ्या दिवशी सासू आली, यशवंत आला, जाधव पास्टर आले. त्यांच्याकडं बाप्तिस्मा नसला तरी लेकराला नाव ठेवून देवाला अर्पण करतात. मी बाजूला बाटल्या भरत होते.

सासूचं मन त्या दिवशी मोठं झालं होतं. नात चांगली वजनदार होती. ती मनोरमाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाई, तुझ्या आईचं नाव तुला पहिलीले द्यायचं होतं ना? सारा? तसंच राहून गेलं थे. हिले ठेव."

"चांगलं नाव," जाधव पास्टर म्हणाले. "सारा यशवंत. छान."

त्यांनी बायबल उघडलं. मनोरमा छताकडं पाहत होती. मग म्हणाली, "हिचं दुसरं काही ठेवा. ते दिलेलं आहे."

"दिलेलं? कोणाले?" सासूनं विचारलं.

"तिला."

जाधव पास्टरांनी बायबलातून मान वर केली. फार हळू विचारलं, "कोणी दिलं, बाळ?"

"मी," मनोरमा म्हणाली. "पाणी घालून दिलं. अकोल्याला मी खोटं बोलले."

सासूचा हात डोक्यावर होता तो तिनं काढून घेतला. जाधव पास्टरांनी बायबल मिटलं आणि ते उभेच राहिले. आणि यशवंत, तो एवढा मोठा माणूस, खाटेच्या पायाशी स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून ओक्साबोक्शी रडायला लागला. नवी पोर भुकेनं ओरडत होती, तिच्यापेक्षाही मोठ्यानं तो रडत होता, आणि मध्येच म्हणत होता, "सारा. सारा." कबरीशी घ्यायचं नाव तो आत्ता घेत होता.